हात लावून बघितला का गं गुडघा?

शालू,

काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला झोपच लागली नाही. "ताई, माझ्या गुडघ्यातली गादी फाटलीय. आत दुर्बीण घालून बघायचंय म्हणतात. पुढच्या बुधवारची तारीख दिलीय." एवढं एका दमात बोललीस आणि गप्प झालीस. मागे टीव्ही चालू होता, सासूबाई शेजारी बसलेल्या असणार. मोकळं बोलता येत नव्हतं तुला, कळलं मला. म्हणून आज ड्यूटीवरून आले ती कपडेही न बदलता लिहायला बसलेय. घाई न करता वाच. रात्री सगळे झोपल्यावर वाच हवं तर.

मी तुला सगळ्यात आधी विचारलं होतं, आठवतंय? "डॉक्टरांनी गुडघा हात लावून बघितला का गं?" तू म्हणालीस, "नाही. फिल्म लाइटवर लावली, रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, दुर्बिणीतून करून टाकू." तेव्हापासून माझा जीव तिथेच अडकलाय. ते डॉक्टर वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही, मी त्यांना ओळखतही नाही. पण सव्वीस वर्षं ऑपरेशन थेटरमध्ये उभी आहे गं मी, त्यातली निम्म्याहून जास्त हाडांच्याच थेटरमध्ये. दुर्बिणीतून किती गुडघे पडद्यावर बघितले याची मोजदाद नाही. त्यावरून तुला सांगते, दुर्बीण ही शेवटच्या प्रश्नाची वस्तू आहे. आधी तुला विचारायचं, मग हाताने तपासायचं, मग एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय, आणि एवढं सगळं होऊनही एखादी गोष्ट अडून राहिली, जिचं उत्तर मिळाल्यावर उपचार बदलणार आहे, तर दुर्बीण. तुझ्या गुडघ्याचा तो अडलेला प्रश्न कोणता, हे तुला कुणी सांगितलंय का? नसेल सांगितलं, तर बुधवारची तारीख कशासाठी आहे?

आधी तुझी भीती काढते, कारण काल तुझा आवाज कापत होता. त्या दिवशी नक्की काय करतात ते ऐक. बहुतेकदा पाठीत, मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करतात. तू जागी असतेस, घाबरलीस तर थोडं झोपेचं औषध देतात. मांडीला बीपीच्या पट्ट्यासारखाच पण जाड पट्टा बांधतात, तो फुगवला की पायातलं रक्त थांबतं आणि आतलं स्वच्छ दिसतं. मग मांडीपासून पावलापर्यंत पाय औषधाने रंगवायचा, हिरवे कपडे पसरायचे. फक्त गुडघा उघडा राहतो, तोही तुझ्यापासून पडद्याआड. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना, जिथे बोट दाबलं तर मऊ खळगा लागतो ना, तिथे एक-एक छोटा छेद देतात. सेंटिमीटरभरही नसतो. एका छेदातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. दुर्बीण म्हणजे ४ मिलिमीटर जाडीची नळी, पेन्सिलीपेक्षा बारीक. तिचं टोक ३० अंशांनी तिरपं कापलेलं असतं, त्यामुळे ती नुसती जागच्या जागी फिरवली तरी कोपऱ्यापलीकडचं दिसतं. वर सलाईनच्या मोठ्या पिशव्या टांगलेल्या असतात. त्या पाण्याने सांधा फुगतो, जागा होते, गढूळ असेल ते वाहून जातं.

आणि मग पडद्यावर जे दिसतं ना शालू, ते मला आजही बघत राहावंसं वाटतं. चांगल्या गुडघ्याची कूर्चा म्हणजे नुकत्या फोडलेल्या नारळाचं खोबरं. तसंच पांढरं, तसंच ओलसर चकचकीत. वर वाटीचं छत, खाली मांडीच्या हाडाची पन्हळ. मग डॉक्टर ठरलेल्या वाटेने फिरतात. वाटीच्या वरची पोकळी, दोन्ही बाजूंच्या अरुंद फटी, मग आतली बाजू, मधला खड्डा जिथे लिगामेंटची दोरी असते, शेवटी बाहेरची बाजू. त्या बाहेरच्या बाजूत बघायचं तर पाय दुमडून घोटा दुसऱ्या पायावर टेकवतात, आपण अर्धी मांडी घालतो ना, अगदी तसा. वाट मोडायची नाही, कारण मोडली की एखादा कोपरा राहून जातो. आमच्या मोठ्या सरांना मी कधीच थेट फाटलेल्या जागी जाताना बघितलं नाही. रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो, त्यांची वाट पहिल्यापासून सुरू होते.

दुर्बिणीचं खरं बळ बघण्यात नाही, शिवण्यात आहे, म्हणजे स्पर्शात. दुसऱ्या छेदातून एक आकडी आत जाते, टोकाला वाकवलेली बारीक सळई. तिला प्रोब म्हणतात. तिने गादीची कड उचलून बघतात, दोरी ओढून बघतात, कूर्चेवर दाबून बघतात. कडक लागते की अंगठ्याखाली पिकलेला आंबा दबावा तशी दबते? दोरी वरून छान दिसते, पण ओढली की ढिली येते, असंही होतं. हे एमआरआयला करता येत नाही. तो फोटो आहे, त्याला हात नाहीत. म्हणूनच जिथे बाहेरचे हात आणि फोटो यांचं जमत नाही, तिथे आत जाऊन हात लावावा लागतो.

अशी एक बाई मला कधी विसरता येणार नाही. जत तालुक्यातली, शेतमजूर, चौतिशीची. आठ महिने गुडघा सुजलेला. दोनदा पाणी काढलं होतं, पंधरा दिवसांत परत भरलं. कुणी वात म्हणालं, कुणी झीज म्हणालं. चौतिसाव्या वर्षी कसली झीज! मांडी सुकून मनगटाएवढी झाली होती आणि संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ते तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. आमच्या एका शिकाऊ सिस्टरने थर्मामीटर लावला तेव्हा कळलं. एक्स-रेत ठाम काही नाही. एमआरआयमध्ये आतलं अस्तर सुजलंय एवढंच, आणि अस्तर तर दहा रोगांत सुजतं. तिथे मात्र प्रश्न खराखुरा अडलेला होता.

दुर्बीण आत गेली आणि नळीतून पाण्याबरोबर पांढरे दाणे बाहेर यायला लागले. तांदळाच्या कण्या गं, हुबेहूब. ट्रेमध्ये मूठभर जमल्या. आतलं अस्तर लालभडक, शेवाळ्यासारखं लोंबणारं. सरांनी चिमट्याने त्याचे चार-पाच ठिकाणचे तुकडे घेतले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दोन बाटल्या." मला माहीत होतं. एका बाटलीत फॉर्मालिन, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरीत साधं सलाईन, ते जंतू शोधायला. घाईत सगळेच तुकडे फॉर्मालिनमध्ये पडले तर जंतू तिथेच मरतात, मग कल्चरला काय उगवणार? बाईला परत टेबलावर घ्यायची वेळ येते. त्या दिवशी मी बाटल्यांवरची नावं दोनदा वाचली. रिपोर्ट आला, टीबी. गुडघ्याचा टीबी. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, फुकट मिळतात त्या. महिनोन्‌महिने घ्याव्या लागल्या, पण तिने एक दिवस चुकवला नाही. दुसऱ्या वर्षी ती स्वतःच्या पायाने चालत आली, शेंगा घेऊन.

शालू, गुडघ्यातली दुर्बीण जन्माला आली तीसुद्धा याच रोगापायी. एकदा सरांनीच थेटरमध्ये सांगितलं होतं. जपानमध्ये टोकियोला केंजी ताकागी नावाचे डॉक्टर होते. त्या काळी तिथे टीबीने गुडघे आखडायचे. आणि जपानी माणूस म्हणजे आपल्यासारखाच, जमिनीवर बसणारा, गुडघे मुडपून जेवणारा. गुडघा ताठला की पंगतीतून उठलाच तो. रोग वाढायच्या आत ओळखता यावा म्हणून ताकागींनी १९१८ साली लघवीच्या पिशवीत बघायची दुर्बीण घेतली आणि मृत माणसाच्या गुडघ्यात घालून बघितली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे एकामागून एक दुर्बिणी घडवल्या. पन्नासच्या दशकाअखेरीची त्यांची २१ नंबरची दुर्बीण जगभर गेली. १९६२ साली त्यांनीच पहिल्यांदा दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा तेवढाच तुकडा काढला. म्हणजे बघ, आपल्यासारख्या मांडी घालणाऱ्या लोकांच्या अडचणीतून ही वस्तू निघाली. त्याआधी गुडघ्यात बघायचं म्हणजे गुडघा उघडायचा.

तात्याकाका आठवतात ना तुला? तालमीत गुडघा मुरगळला आणि मग कोल्हापुरात ऑपरेशन झालं. तू तेव्हा पाळण्यात होतीस. त्यांच्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला बोटभर लांब पांढरा व्रण होता, आंघोळीला बसले की दिसायचा. त्या वेळी फाटलेली गादी सगळीच काढून टाकायचे. बिनकामाची समजायचे तिला. खरं तर वरचं हाड गोल आणि खालचं सपाट, त्यांच्यामध्ये ती चंद्रकोरीसारखी दोन गाद्यांची जोडी वजन वाटून घेते म्हणून कूर्चा टिकते. गादी गेली की भार एका ठिकाणी येतो. पन्नाशीतच तात्या काठी घेऊन चालायला लागले ते आपण दोघींनी बघितलंय. म्हणून आता गादीचा कण अन्‌ कण वाचवायचा असतो. बाहेरच्या कडेला तिला रक्त मिळतं, तिथे टाके घातले तर जुळू शकते. आतल्या पातळ कडेला रक्तच नाही, तिथलं कापलं ते गेलं, परत येत नाही. "जरा साफ करून टाकू" हे ऐकायला घर झाडण्यासारखं वाटतं, पण तिथे कचरा नसतो गं, आपलंच काहीतरी असतं.

आता तुझ्या गुडघ्याकडे येते. तू ५१ ची. पडलीबिडली नाहीस. गौरीच्या वेळी ओणवं होऊन घर सारवल्यासारखं पुसलंस आणि दुखायला लागलं. जिना चढताना कमी, उतरताना जास्त. सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडतो, मग सैल होतो. शाळेत पोरांबरोबर खाली बसलीस की उठताना हात टेकावा लागतो. संध्याकाळी किंचित सूज. मी विचारलं, गुडघा पूर्ण सरळ होतो का? होतो म्हणालीस. अडकून बसतो का, हलवून सोडवावा लागतो का? नाही. चालता चालता पाय दगा देतो का? नाही. या तीन उत्तरांमध्ये तुझं बरंचसं उत्तर आहे. मी डॉक्टर नाही, निदान मी करणार नाही. पण हे प्रश्न ज्याने आधी विचारायला हवे होते त्याने विचारले नाहीत, एवढं मला नक्की कळतं.

आणि तो रिपोर्ट. "ग्रेड तीन मेनिस्कस टेअर", म्हणजे गादीला चीर, हे वाचून तुझ्या छातीत धस्स झालं. व्हायचंच. पण अमेरिकेत फ्रेमिंगहॅम म्हणून गाव आहे, तिथल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ माणसांचे गुडघे एमआरआयमध्ये बघितले, दुखतोय की नाही हे न विचारताच. २००८ साली ते छापून आलं. तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांच्या गादीत चीर होती किंवा गादी खराब झाली होती. आणि ज्यांच्यात चीर दिसली त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात दुखलं नव्हतं, आखडलंही नव्हतं. केस पिकतात तशी गादी चिरते. चीर दिसली म्हणजे दुखणं तिथलंच, असं होत नाही. म्हणून तर हात लावून बघायचा. सांध्याच्या फटीवर बोट फिरवायचं, कुठे कळ येते ते बघायचं, पाय वळवून दुमडून बघायचा, दुसऱ्या गुडघ्याशी ताडून बघायचा. रिपोर्ट आणि बोट एकाच जागेवर आलं तर बोलायला अर्थ आहे.

पुढचं सांगते ते जरा धक्का देईल. मलाही दिला होता. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला १८० जणांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांना गुडघ्याची झीज. काहींचं दुर्बिणीतून घासून साफ केलं, काहींचं नुसतं धुतलं, आणि काहींना फक्त वरून छेद दिले, आत काहीच केलं नाही. सगळ्यांच्या संमतीने बरं का, फक्त आपल्या वाट्याला काय आलंय ते त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा केला. तिन्ही गटांचं दुखणं सारखंच. पुढे २०१३ साली फिनलंडमध्ये १४६ जण घेतले, तुझ्यासारखी वयाने चिरलेली गादी असलेले. दुर्बीण सगळ्यांच्या गुडघ्यात घालून आधी नीट बघितलं, मग निम्म्यांची गादी कापली आणि निम्म्यांची कापल्याचा नुसता देखावा केला. वर्षभराने दोघांत फरक नाही. २०१७ साली ब्रिटनच्या "बीएमजे" नियतकालिकात डॉक्टर आणि रुग्ण दोघे असलेल्या मंडळाने स्पष्ट लिहिलं, झिजेच्या गुडघ्यांना, जवळजवळ सगळ्यांनाच, दुर्बिणीचं ऑपरेशन करू नका.

हे कळल्यावर मला काही रात्री वाईट गेल्या. कारण अशी कितीतरी माणसं माझ्या टेबलावरून गेली होती. त्यातल्या कितीजणींना मी स्वतः "बरं होईल हो" म्हणून धीर दिला होता. तो धीर खोटा नव्हता, तेव्हा आम्हाला तेवढंच माहीत होतं. पण आता माहीत आहे. आणि आता माहीत असताना माझ्याच बहिणीला त्या टेबलावर चढू द्यायचं नाही मला.

पण म्हणून दुर्बीण म्हटली की नकोच, असंही मनात धरू नकोस. कुणाचं ऐकून उलट्या टोकाला जायची सवय आहे तुला, लहानपणापासून. आमच्या वन्संची नात, कबड्डी खेळते ती. पकड सोडवताना पाय वळला, कट्‌ असा आवाज आला आणि गुडघा वाकलेला तो वाकलेलाच. सरळच होईना. घरच्यांनी तीन दिवस तेल लावून चोळलं. मी कळल्याबरोबर ओरडले फोनवर. तिची गादी बादलीच्या कडीसारखी उचकटून मधे येऊन अडकली होती, दाराच्या फटीत कापड अडकावं तशी. वय सोळा, ताजी जखम, कडेची चीर. दुर्बिणीतून जागेवर बसवून टाके घातले. सहा आठवडे कुबड्या, पुढे कित्येक महिने व्यायाम. तिथे उशीर केला असता तर ती गादी चुरगळून वाया गेली असती. तसंच गुडघा अचानक लाल, गरम, टच्च सुजला, ताप आला, पाऊल टेकवेना, तर तो दिवस घालवायचा नाही. सांध्यात पू असेल तर काही तासांत धुवून काढावा लागतो, तो दुर्बिणीतूनही धुतात. असं कधी झालं तर मला फोन करायच्या आधी दवाखाना गाठ. नंतर फोन कर.

आणि आज ना उद्या खरंच वेळ आलीच, तर टेबलावर जायच्या आधी समोर बसून विचार. आत बघून तुम्हाला काय ठरवायचंय? एमआरआयने ते का ठरत नाही? जे दिसेल त्यावर त्याच वेळी काय काय करणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तू सही करतेस ती नुसत्या बघण्यावर नसते. "बघू आणि लागलं तर करू" असा तो कागद असतो. गादी थोडी कापली तर दोन-चार दिवसांत चालशील, टाके घातले तर सहा आठवडे जपायचं. घरात कोण आहे, शाळेत रजा किती, संडास कसला, हे सगळं त्यावर ठरतं, आणि भूल उतरल्यावर ते कळून काय उपयोग? फोटो आणि रेकॉर्डिंग मागून घे, आता सगळीकडे होतं. साखरेची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, काहीही लपवायचं नाही. मोठं ऑपरेशन नाही म्हणून धोका शून्य असंही नाही. क्वचित जंतुसंसर्ग होतो, क्वचित पोटरीत रक्ताची गाठ होते. म्हणून नंतर पोटरी सुजली, दुखली, किंवा ताप आला तर "टाके काढायला जाऊ तेव्हा दाखवू" म्हणायचं नाही.

एक्स-रे तू झोपून काढलास ना? तिथेच बघ गडबड. लोक म्हणतात "गॅप आलाय", खरं तर गॅप कमी होतो. दोन हाडांमध्ये एक्स-रेत जी काळी फट दिसते ती रिकामी नसते, ती कूर्चा असते, एक्स-रेला न दिसणारी. झोपल्यावर भार नसतो, फट मोठी वाटते. दोन्ही पायांवर उभं राहून काढला की किती झिजलंय ते दिसतं. कितीतरी वेळा या साध्या, दोन-चारशे रुपयांच्या फिल्मने महागड्या एमआरआयची गरजच संपते. तोच तुझा आधी काढायला हवा होता.

उद्या सकाळी त्या हॉस्पिटलला फोन कर आणि सांग, दुसरा सल्ला घ्यायचाय, तारीख पुढे ढकला. एवढंच बोल. कारणं देत बसू नकोस, माफी मागू नकोस. हा तुझा हक्क आहे. मेडिक्लेममध्ये कॅशलेस मंजूर होऊन आलंय म्हणून करून टाकू, असं तुझे दिलीपराव म्हणाले म्हणालीस. त्यांना काळजी आहे, तुझ्या दुखण्याने तेही थकलेत, कळतंय मला. पण कंपनीने पैसे मंजूर केले म्हणजे गुडघ्याला गरज आहे असं ठरत नाही. हे मी बोलेन त्यांच्याशी, तू वाद घालू नकोस.

तोवर एक कर. पलंगावर पाय पसरून बस, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, आणि गुडघ्याने ती खाली दाब. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे. सात-आठ आकडे मोज, सोड. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. कळ आली तर थांब. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार ती उचलते, पण त्याला सहा आठवडे तरी द्यावे लागतात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नकोस. शाळेत खुर्ची माग. पोरांच्या शेजारी बसायला आवडतं तुला, माहीत आहे, पण काही महिने लहान स्टुलावर बस. आणि वजन, शालू. रागावू नकोस. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. दिवसाला किती पावलं टाकतेस ते तूच मोज.

आमच्याकडच्या सरांशी मी बोललेय. शनिवारी अकराला बघतील. फिल्मची पिशवी, सीडी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं आण, फिल्म दुमडू नकोस. सैल पायजमा असलेला ड्रेस घाल, दोन्ही गुडघे उघडे करून तपासतात ते, तिथे लाजायचं नाही. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव, सगळ्या हाताने नाही. कऱ्हाडहून सकाळच्या गाडीने नीघ, खिडकीशी बस आणि पाय अधूनमधून सरळ करत राहा. मिरजेला उतरलीस की जिन्याकडे वळू नकोस, बाकावर बसून राहा. मी फलाटावर आत येते.

तुझी,
ताई